आधी कड, मग हाड : इंग्लंडच्या गावचर्चांतली दफनं पाहताना

दिवस पहिला : लंडन

वसई-उत्तनकडे ज्याला धर्मग्रामाचं चर्च म्हणतात, त्याच अर्थाने इंग्लंडमध्ये पॅरिश चर्च. गावचं, आळीचं. बाप्तिस्मा इथे, लग्न इथे आणि शेवटी माती इथेच. त्यामुळे अशा चर्चच्या अंगणात उतरलं की हाती लागतात ती पाचशे, आठशे, कधी हजार वर्षं एकाच तुकड्यात पुरलेली माणसं. एखाददुसरी कबर सापडली असं इथे होत नाही, सगळं गाव एकमेकांच्या अंगावर झोपलेलं असतं. मुंबई-वसईच्या अनेक चर्चांत जागा अपुरी म्हणून काही वर्षांनी तीच कबर पुन्हा वापरतात आणि आधीची हाडं कोनाड्यात हलवतात. हे ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचा गुंता लगेच कळेल.

सुरुवात फ्लीट स्ट्रीटवरच्या सेंट ब्राइड्सपासून करावी, कारण तिथे मेलेल्यांची नावं ठाऊक आहेत. ख्रिस्तोफर रेनने बांधलेलं हे चर्च 29 डिसेंबर 1940 च्या बॉम्बवर्षावात जळून आत कोसळलं. युद्धानंतर पुनर्बांधणीआधी पुरातत्त्वज्ञ डब्ल्यू. एफ. ग्राइम्स यांनी तिथे खोदकाम केलं. खाली रोमन फरशी, तिच्यावर एकामागून एक उभ्या राहिलेल्या चर्चांचे पाये आणि तळघरात बंद करून टाकलेल्या शवपेट्या मिळाल्या. सव्वादोनशेच्या आसपास सांगाड्यांबरोबर शवपेटीवरचा धातूचा पत्रा टिकला होता आणि त्यावर नाव, वय आणि मृत्यूची तारीख कोरलेली होती. त्यांतला एक पत्रा कादंबरीकार सॅम्युएल रिचर्डसनचा. तळघराचा काही भाग प्रदर्शन म्हणून पाहता येतो, पण हाडांचा भाग एरवी बंद असतो. मार्गदर्शकाबरोबरच्या फेरीची वेळ आधी विचारून ठेवावी.

दुपारी पूर्वेला स्पिटलफील्ड्सला जावं. वास्तुकार निकोलस हॉक्समूरचं क्राइस्ट चर्च 1714 ते 1729 या काळात बांधलं गेलं. त्याच्या तळघरातून 1984 ते 1986 मध्ये 968 माणसांचे अवशेष बाहेर काढले, आणि त्यांतल्या 387 जणांच्या पत्र्यांवर नाव व वय वाचता आलं. हाडं पाहून वय ठरवणाऱ्यांसाठी ही मोठी परीक्षाच होती. आधी हाडांवरून वय काढायचं, मग पत्रा बघायचा. निकाल फार सुखावणारा नव्हता. तरुण माणसांचं वय सरसकट जास्त धरलं गेलं होतं आणि सत्तरीपुढच्यांचं बरंच कमी. ‘मध्ययुगात माणसं चाळिशीतच मरत’ हे वाक्य जिथे सांगाड्यांच्या आधारे म्हटलेलं असेल तिथे ही परीक्षा आठवावी. वीस वर्षांपर्यंतचं वय दातांच्या वाढीवरून आणि हाडांची टोकं जुळण्यावरून बरंच नेमकं कळतं. त्यानंतर मात्र ओटीपोटाच्या हाडांची झीज, दातांची झीज, कवटीचे सांधे असल्या ढोबळ खुणांवर भिस्त राहते.

तळघरातलं काम आणि मातीतलं काम यांत फरक आहे. तळघरात शिशाच्या पेट्या असतात. त्यांचा पत्रा फुटला की आतला काळा द्रव बाहेर येतो, शिशाची धूळ उडते. म्हणून मुखवटे, हातमोजे, कामगारांच्या रक्तातल्या शिशाची वेळोवेळी तपासणी हे सगळं लागतं, आणि बंद शिशाची पेटी शक्यतो उघडतच नाहीत. देवीच्या रोगाचे जंतू टिकून असतील का, ही चिंताही अशा जागी कायम असते.

दिवस दुसरा : लंडन ते बार्टन

किंग्ज क्रॉसवरून हलला थेट गाडी आहे, साधारण अडीच-पावणेतीन तासांची. हलहून बस हंबर नदीवरच्या पुलावरून पलीकडे लिंकनशरमध्ये, बार्टन-अपॉन-हंबर या गावी उतरते. पूल 1981 साली खुला झाला, मधला गाळा 1,410 मीटरचा. बसमध्ये डाव्या खिडकीशी बसलात तर नदीचं मुख पूर्वेकडे रुंदावत गेलेलं दिसतं.

गाडीत वेळ आहे तर परवानगीचं बघून घेऊ. इंग्लंडमध्ये पुरलेला माणूस मनात आलं म्हणून उकरता येत नाही. चर्च ऑफ इंग्लंडच्या अखत्यारीतल्या पवित्र केलेल्या जमिनीसाठी त्या धर्मप्रांताच्या चर्चच्याच न्यायालयाची परवानगी लागते, तिला फॅकल्टी म्हणतात. इतर बऱ्याच ठिकाणी 1857 च्या दफन कायद्याखाली न्याय मंत्रालयाचा परवाना लागतो. परवान्याच्या अटी साध्या असतात : रस्त्यावरून दिसू नये म्हणून आडोसा, अवशेषांना सन्मानाची वागणूक, आणि शेवटी त्यांचं काय करणार याचं उत्तर. मृत्यूला शंभर वर्षं झाली नसतील तर मानवी ऊतींचा 2004 चा कायदाही लागू होतो. यातली तिसरी अट सगळ्यांत अवघड. बार्टनला तिचं जे उत्तर काढलं ते उद्या.

संध्याकाळी बार्टनच्या सेंट पीटर्स चर्चचा मनोरा बाहेरूनच बघून घ्यावा. दहाव्या शतकाच्या उत्तरार्धातला हा मनोरा दगडी पट्ट्यांनी सजवलेला आहे. खालच्या ओळीत गोल कमानी, वरच्या ओळीत त्रिकोणी. सुतारकामाचा नमुना दगडात उतरवल्यासारखा वाटतो. नॉर्मन लोक 1066 मध्ये येण्याआधीची सॅक्सन बांधणी वेगळी ओळखता येते हे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला टॉमस रिकमनने दाखवलं, त्यात या मनोऱ्याचा मोठा वाटा. मूळ चर्च अगदी लहान होतं. मनोऱ्याखालची खोली हाच मुख्य भाग, पश्चिमेला बाप्तिस्म्याची खोली, पूर्वेला वेदीची. पूर्वेकडची खोली पुढे पाडून तिथे मोठं चर्च वाढत गेलं. जवळच सेंट मेरीज हे दुसरं चर्च आहे. एवढ्याशा गावाला दोन चर्चं परवडेनात, म्हणून सेंट पीटर्समधली उपासना थांबली आणि 1978 मध्ये इमारत सरकारी संरक्षणाखाली आली. म्हणूनच उद्या ज्याबद्दल बोलायचं ते खोदकाम इथे होऊ शकलं. चालू चर्चमध्ये ते जवळजवळ अशक्यच.

दिवस तिसरा : सेंट पीटर्स, बार्टन-अपॉन-हंबर

हा दिवस पूर्ण ठेवावा. चर्च इंग्लिश हेरिटेज या वारसास्थळं सांभाळणाऱ्या संस्थेकडे आहे आणि ठरावीक वेळीच उघडं असतं. वेळ न बघता गेलात तर कुलूप बघून परत यावं लागेल.

1978 ते 1984 या काळात वॉरिक रॉडवेल यांच्या नेतृत्वाखाली इथे चर्चच्या आत आणि अंगणाच्या काही भागात खोदकाम झालं. सुमारे 2,800 दफनं मिळाली, साधारण इ.स. 950 पासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतची. एकाच गावाची नऊशे वर्षं. चर्च उभं राहण्याआधीच इथे दफनभूमी होती आणि चर्च तिच्या एका भागावर बांधलं गेलं, हे पायाखालच्या कबरींनी सांगितलं.

हे कळतं कसं? कबर सापडली म्हणजे हाड सापडलं असं नवख्याला वाटतं. जाणकार आधी खड्ड्याची कड शोधतो. खणलेला खड्डा पुन्हा भरला की भरावाची माती शेजारच्या मातीपेक्षा किंचित मऊ, किंचित गडद, किंचित जास्त मिसळलेली असते. या कडेने भिंतीच्या पायाचा दगड कापला की भिंतीच्या पायाने कडेला कापलं, एका कबरीने दुसरीचे पाय तोडले की उलट, यावर कोण आधी आणि कोण नंतर हे ठरतं. ख्रिस्ती कबरीत बहुधा काहीच ठेवलेलं नसतं. याच गावात कॅसलडाइक साउथला सहाव्या-सातव्या शतकाची दफनभूमी आहे. तिथे मृतांबरोबर सुऱ्या, मणी, आकडे मिळतात आणि त्यांच्या घडणीवरून काळ लावता येतो. चर्चच्या अंगणात तो आधार संपतो. उरते फक्त कड.

आणि नेमकी कडच दिसत नाही. शेकडो वर्षं तीच माती पुन्हा पुन्हा उपसून तिचा एकजात काळपट चुरा झालेला असतो. अशा वेळी उपाय म्हणजे पृष्ठभाग ट्रॉवेलने, म्हणजे गवंड्याच्या थापीच्या धाकट्या भावंडाने, एकाच दिशेने सपाट खरवडायचा, पाणी शिंपडायचं आणि माती अर्धवट सुकत असताना तिरप्या उजेडात बघायचं. ओलावा भरावात जास्त वेळ टिकतो, म्हणून कड काही मिनिटं उमटते आणि जाते. तेवढ्यात खिळे टोचून, दोरा लावून ती आखून घ्यायची. दुपारच्या कडक उन्हात हे जमत नाही. तरीही काही कबरींना कड मिळतच नाही. मग सांगाड्याभोवती अंदाजाने रेषा न ओढता नोंदीत ‘कड दिसली नाही’ असं स्पष्ट लिहायचं. अंदाजाची रेषा पुढे खरी समजली जाते आणि तिच्यावर क्रमाचा इमला उभा राहतो.

कड, भराव, शवपेटी आणि सांगाडा यांना चार वेगळे क्रमांक मिळतात. एकाच क्रमांकात सगळं कोंबलं तर भरावातली सुटी हाडं सांगाड्याच्या पिशवीत जातात आणि प्रयोगशाळेत एका माणसाला तीन गुडघ्याच्या वाट्या निघतात. ही हाडं म्हणजे आधी फोडलेल्या कबरींतली माणसं. ती वेगळी गोळा करून, शेवटी एकाच बाजूचं एकच हाड, समजा डावी मांडी, किती वेळा आलं ते मोजून निदान किती जण होते हे काढतात.

सांगाडा उघडा करताना हाडाजवळ धातू नेत नाहीत. बांबूच्या पट्ट्या, प्लॅस्टिकचे चमचे, मऊ ब्रश वापरतात. ब्रशही ओल्या हाडावर जपूनच, पृष्ठभाग सोलवटतो. आधी कवटी आणि मांड्यांची लांब हाडं शोधून शरीराची दिशा ठरवायची. डोकं पश्चिमेला आणि पाय पूर्वेला, हा नेहमीचा कल. हात-पाय शेवटी उघडायचे, कारण मनगटाची आणि बोटांची हाडं सगळ्यांत आधी निसटतात. मोठ्या माणसाच्या 206 हाडांपैकी 106 हाता-पायांतच असतात. नुसतं हाड दिसून भागत नाही, ते कसं पडलंय ते बघायचं. खांदे आकसलेले, गुडघे जुळलेले असतील तर कफनात घट्ट गुंडाळलेलं होतं. खुब्याची हाडं बाहेर कलंडलेली, जबडा घसरलेला असेल तर मांस कुजत असताना भोवती पोकळी होती, म्हणजे लाकूड गेलं तरी शवपेटी होती. खिळ्यांची रांग किंवा मातीतला तपकिरी डाग हेच सांगतो. बार्टनला काही भाग पाणथळ असल्यामुळे सॅक्सन काळातल्या शवपेट्यांचं लाकूडच टिकलं आणि काही कबरींत मृताजवळ ठेवलेल्या हेझल नावाच्या झुडपाच्या काठ्याही मिळाल्या. कोरड्या जमिनीत यातलं काही उरलं नसतं.

मग फोटो. वरून, सरळ उभा, पट्टी, उत्तरेचा बाण आणि क्रमांकाची पाटी ठेवून. सत्तर-ऐंशीच्या दशकात 1:10 प्रमाणात हाताने चित्र काढत, आता पुष्कळ फोटोंवरून संगणक त्रिमितीय प्रतिमा बनवतो. पण उंचीची मोजणी कवटी, माकडहाडाच्या वरचा त्रिकोण आणि पाय या तीन ठिकाणी आजही हातानेच होते. हाडं उचलल्यावर यातलं एकही परत मिळत नाही. म्हणून संध्याकाळी घाई नको. एका सांगाड्याला एका माणसाचा एक दिवस हे बरं माप. पाऊस येतोय म्हणून तासात उरकलेला सांगाडा पुढे कायम कटकट देतो.

उचलण्याआधी ओटीपोटाच्या पोकळीतली सगळी माती वेगळी पिशवीत भरायची. तिच्यात आतड्यातल्या जंतांची अंडी, मूतखडे आणि गरोदर बाईच्या बाबतीत गर्भाची काडीएवढी हाडं असू शकतात. कवटीजवळची आणि पायांजवळची मातीही वेगळी घेतात, तुलनेसाठी. उरलेली माती चाळायची. जाळीची भोकं 2 मिलीमीटरच्या वर गेली तर तान्ह्या बाळाचे दाताचे कोंब निघून जातात. डावा हात, उजवा हात, डावा पाय, उजवा पाय वेगळ्या पिशव्यांत. बरगड्या डाव्या-उजव्या वेगळ्या. पिशवीला भोकं पाडायची, नाहीतर ओलाव्याने बुरशी धरते. डीएनए हवा असेल तर हातमोजे-मुखवटा घालून आतल्या कानाभोवतीचं टणक हाड किंवा दात न धुता वेगळा ठेवायचा.

धुताना हाड पाण्यात बुडवून ठेवत नाहीत. खाली 1 मिलीमीटरची चाळण, हातात मऊ टूथब्रश, साधं पाणी. कवटीतली माती त्याच दिवशी काढायची. ती आत सुकली की आकसते, कठीण होते आणि कवटी आतून तडकते. वाळवायचं सावलीत. उन्हात हाड पापड्यांसारखं सुटतं.

काळाच्या बाबतीत आणखी एक फसगत आहे. हाडातल्या किरणोत्सारी कार्बनवरून काढलेल्या तारखेत काही दशकांची पट्टी असतेच, पण मृत माणूस भरपूर समुद्री मासे खात असेल तर त्याची तारीख खरीपेक्षा जुनी येते, कारण समुद्रातला कार्बन आधीच जुना असतो. नदीमुखावरचं गाव आणि उपासाला मांस टाळून मासे खाणारा समाज म्हटल्यावर हे विसरून चालत नाही. कार्बन आणि नायट्रोजनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंच्या प्रमाणावरून, मासे किती खाल्ले ते अजमावून दुरुस्ती करतात. शेवटी कड, उंची आणि कार्बन हे तिघे जुळले तरच क्रम पक्का.

नाव आणि हाड यांची गाठ कागदामुळेही पडते. गोव्यात जुन्या गोव्याच्या सेंट ऑगस्टिन चर्चमध्ये जॉर्जियाच्या राणी केतेवानचे अवशेष 1627 मध्ये आणले गेले. पोर्तुगीज नोंदीत खिडकीच्या ठिकाणाचा उल्लेख होता, पण भिंती कोसळलेल्या असल्यामुळे ती खिडकी ठरवायलाच भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला कष्ट पडले. मिळालेल्या हाडाच्या डीएनएची हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणू जीवशास्त्राच्या संस्थेने तपासणी केली तेव्हा आईकडून येणारा यू-1-बी हा वंशगट निघाला. तो तपासलेल्या भारतीय नमुन्यांत न सापडलेला, जॉर्जियात आढळणारा. 2021 मध्ये अवशेषांचा भाग जॉर्जियाला दिला गेला. बार्टनच्या सॅक्सन माणसांना असा कागद नाही.

कागद नसला तरी बार्टनच्या हाडांनी वैद्यकाला पुष्कळ दिलं. संधिवाताच्या अभ्यासक ज्युलिएट रॉजर्स आणि टोनी वॉल्ड्रन यांनी या सांगाड्यांवर वर्षानुवर्षं काम केलं. सांध्याच्या टोकावर हाड हाडावर घासून काचेसारखी चकाकी आली असेल तर झिजेचा सांधेविकार निश्चित. नुसती कडेला वाढलेली टोकं पुरेशी नाहीत. इतकी काटेकोर व्याख्या ठरवायला मोठी संख्या लागते, ती इथे होती.

म्हणून पुन्हा पुरायचं की राखायचं हा प्रश्न टोकाचा झाला. पुरली तर पुढच्या पिढीच्या चाचण्या बुडाल्या, आणि डीएनएची आजची तंत्रं 1984 मध्ये नव्हती. राखली तर गावकऱ्यांचे पूर्वज गोदामात. तोडगा असा निघाला : याच चर्चमध्ये, जिथे पूर्वी ऑर्गन हे वाद्य होतं त्या भागात तापमान आणि ओलावा सांभाळणारी अस्थिखोली केली, 2008 च्या सुमारास पेट्या परत आणल्या. अभ्यासकांना परवानगीने तिथे काम करता येतं. पाहुण्यांना आत प्रवेश नाही, प्रदर्शन मात्र नीट बघावं.

दिवस चौथा : व्हॅरम पर्सी

हलहून उत्तरेला यॉर्कशर वोल्ड्समध्ये जायचं तर गाडी हवी. जवळचं मोठं गाव माल्टन. वाहनतळापासून उतरती पायवाट आहे, सव्वा किलोमीटरच्या आसपास. गाईगुरं चरत असतात, चिखल असतो आणि खाली स्वच्छतागृह नाही. प्रवेश फुकट.

हे उजाड गाव आहे. सेंट मार्टिन्स चर्च बिनछपराचं उभं आहे. छपराचं शिसं चोरीला गेलं, आणि 1959 मध्ये मनोऱ्याचा एक भाग कोसळला. गावात कोणी राहत नव्हतं तरी शेजारच्या वस्तीसाठी उपासना 1949 पर्यंत चालू होती.

मॉरिस बेरेसफर्ड आणि जॉन हर्स्ट यांनी 1950 ते 1990 अशी चाळीस वर्षं इथे दर उन्हाळ्यात खोदलं. चर्चचं काम 1962 ते 1974. भारतीय पुरातत्त्वाशी याचा एक आडवा धागा आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे प्रमुख असताना मॉर्टिमर व्हीलर यांनी 1944 ते 1948 मध्ये आपल्याकडे चौकोन आखून मधले बांध राखण्याची पद्धत रुजवली. ती उभ्या भिंतीत थर दाखवायला उत्तम, पण दफनभूमीत घातक. डोकं एका चौकोनात, मधला धड बांधात आणि पाय तिसऱ्याच माणसाच्या वहीत. व्हॅरमला घरांच्या उत्खननात डेन्मार्कच्या धर्तीवर बांध काढून सगळं क्षेत्र एकदम उघडलं गेलं. इंग्लंडमध्ये तेव्हा ते नवं होतं.

चर्चमधून आणि अंगणातून 687 सांगाडे मिळाले. खडूच्या जमिनीत चुना मुबलक, म्हणून हाडं कणखर राहिली. आपल्या कोकणातल्या आम्लधर्मी लाल मातीत त्यांची नुसती छायाच उरली असती. सायमन मेज आणि सहकाऱ्यांनी लहान मुलांच्या बरगड्यांतल्या नायट्रोजनवरून स्तनपान केव्हा थांबत असे ते काढलं. अंगावर पिणारं बाळ अन्नसाखळीत आईच्या एक पायरी वर असतं, म्हणून जड नायट्रोजनचा आकडा चढतो आणि दूध सुटलं की उतरतो. इथे तो दीड-दोन वर्षांपर्यंत चढलेला आहे. बायकांच्या हाडांची उतारवयातली झीज आजच्या मापाच्या जवळ निघाली, श्रमाची सवय असूनही. एका माणसाच्या कवटीवर जबर माराची खूण आहे आणि त्यावर शस्त्रक्रियेचं भोक, कडा भरून आलेल्या. म्हणजे तो वाचला.

चर्चच्या बाहेर, गावाच्या खड्ड्यांतून मात्र वेगळंच निघालं : निदान दहा जणांची 137 हाडं, मोडलेली, भाजलेली, डोक्या-मानेजवळ सुरीचे घाव. जमिनीतून अन्नावाटे दातांत उतरणाऱ्या स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्यावरून माणसं इथलीच. 2017 च्या अभ्यासाने दुष्काळातला नरमांसभक्षणाचा पर्याय तपासून पाहिला, पण मेलेला उठून चालेल या भीतीकडे कल दाखवला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने खोदलेल्या इनामगावात, व्हॅरमच्या दोन-अडीच हजार वर्षं आधी, मोठ्या माणसांना घोट्याखाली पाय तोडून पुरलं आहे आणि त्याचंही एक स्पष्टीकरण हेच दिलं जातं.

परतताना चर्चच्या भिंतीला वळसा घालून बघावं. दोन्ही बाजूंना एकेकाळी जोडलेली दालनं गाव ओसरलं तशी पाडली. त्यांच्या कमानी दगडांनी बुजवलेल्या अजून दिसतात. उन्हं तिरपी झाली की समोरच्या उतारावर घरांच्या जोत्यांचे उंचवटेही उमटतात, ओल्या मातीतल्या कडेसारखेच थोडा वेळ. त्यामुळे वाहनतळाकडची चढण दुपारी न चढता तिथेच थांबावं.